चित्रकलेचा तास पळवणाऱ्यास

माननीय टाइम-टेबल इन्चार्ज साहेब,

पत्राच्या सुरुवातीला 'सप्रेम नमस्कार' लिहायची रीत आहे. आज मी ती पाळत नाही. तुमचं नावही लिहीत नाही, कारण त्याची गरज नाही. चंडीगडच्या प्रत्येक सेक्टरातल्या शाळेत तुम्ही आहात, ठाण्यात आणि नागपुरात आहात, बेळगावात आणि लातुरातही आहात. स्टाफरूमच्या कोपऱ्यातल्या टेबलावर मोठा कागद पसरून तुम्ही पट्टीनं रकाने आखता. आधी गणित बसवता, मग विज्ञान, मग इंग्रजी. पहिले चार तास, जेव्हा मुलांचे डोळे उघडे असतात, ते या तिघांचे. मग बाकीचे विषय. सगळं बसून झाल्यावर जी चौकट रिकामी उरते, तिच्यात तुम्ही दोन अक्षरं लिहिता: 'आर्ट'. ती चौकट शनिवारची असते आणि शेवटची असते.

तीही तुमच्यानं मुलांच्या हाती राहू देववत नाही. युनिट टेस्ट आली की गणिताचे सर दारात उभे. "मॅडम, सिलेबस पूरा करना है, आज का पीरियड दे दीजिए." मी देते म्हणायची वाटही ते बघत नाहीत, खडू हातात असतोच. वार्षिक कार्यक्रम आला की त्याच तासाला सराव. कुणी पाहुणे यायचे असले की त्याच तासाला फलक सजवायचे, रांगोळी काढायची, 'वेलकम' लिहायचं. वर्षभरात माझ्या वाट्याला जे तास खरोखर येतात, त्यांत मुलं दप्तर आवरत असतात आणि बसचे हॉर्न ऐकत असतात.

तुम्ही म्हणाल, एका तासानं असं काय बिघडलं? काय बिघडलं ते सांगायलाच हे पत्र आहे.

आपण कुठल्या गावात बसलो आहोत, ते आधी पाहा. चंडीगड हे गाव वाढत वाढत झालेलं नाही, आधी कागदावर काढलेलं आहे. 1951 साली वास्तुकार ल कॉर्बुझिए इथं आला आणि त्यानं सेक्टरांचं जाळं आखलं. एक सेक्टर साधारण 800 मीटर रुंद आणि 1200 मीटर लांब. हे दोनास तीन असं प्रमाण तुमचे विद्यार्थी गुणोत्तर आणि प्रमाण या धड्यात पुस्तकातून सोडवतात आणि त्याच प्रमाणात आखलेल्या रस्त्यावरून घरी जातात. कुणी त्यांना सांगत नाही. या माणसानं मोजमापासाठी 'मोड्युलर' नावाची पट्टी तयार केली होती: 1.83 मीटर उंचीचा माणूस, हात वर केला की 2.26 मीटर, आणि त्यातून सुवर्ण गुणोत्तरानं निघत जाणारी मापं. कॅपिटॉल कॉम्प्लेक्समधलं 'टॉवर ऑफ शॅडोज' तर उन्हाचा अभ्यास दाखवायलाच उभं आहे. सूर्य कुठल्या ऋतूत कुठून येतो, कुठली फळी लावली की सावली आत पडते, हे तिथं सिमेंटमध्ये मांडलेलं आहे. 2016 साली युनेस्कोनं हा सगळा परिसर जागतिक वारसा ठरवला. आणि या गावातल्या शाळेत गणिताला आणि विज्ञानाला जागा करण्यासाठी तुम्ही चित्रकलेचा तास कापता. ज्या गणितानं हे शहर उभं राहिलं, ते चित्र काढणाऱ्या माणसाच्या हातातून आलं होतं, एवढंही तुम्हाला ठाऊक नसेल तर तुमच्या हातात वेळापत्रक कुणी दिलं?

हा माणूस शिकला कसा, तेही ऐका. स्वित्झर्लंडमधलं ला शो-द-फों हे घड्याळांचं गाव. वडील घड्याळांच्या तबकड्यांवर मिनाकाम करायचे. मुलगा गावच्या कलाशाळेत गेला तो घड्याळाच्या केसवर नक्षी कोरायला शिकावं म्हणून. तिथं शार्ल लेप्लातनिए नावाचे शिक्षक होते. त्यांनी पोरांना पुस्तकातली नक्षी गिरवायला लावली नाही. जुरा पर्वतातल्या रानात नेलं आणि सांगितलं, समोरचं झाड बघा, फांदी खोडाला कशी जुळली आहे ते बघा, शंकू बघा आणि काढा. आपल्या गावचं झाड, आपल्या गावचा धंदा, आपला डोळा. ज्या शाळेनं मुलाला दाराबाहेरचं झाड नीट बघायला लावलं, तिथून निघालेल्या मुलानं पुढं हिमालयाच्या पायथ्याशी शहर आखलं. मी आठवीच्या वर्गाला 'निसर्गचित्र काढा' म्हणते, तेव्हा चाळीस वह्यांत दोन त्रिकोणी डोंगर, मधे सूर्य, खाली नदी आणि एक नारळाचं झाड उगवतं. नारळ! चंडीगडात! खिडकीतून शिवालिकच्या रांगा दिसतात आणि त्या त्रिकोणी नाहीत. त्या बुटक्या आहेत, पावसानं चिरलेल्या आहेत, संध्याकाळी एकामागं एक फिकट होत जातात. शाळेच्या फाटकापाशी अमलतास आहे, तो कुणी काढत नाही. मुलांना दोष देऊ नका. बघायला जो वेळ लागतो, तो तुम्ही त्यांना दिलेला नाही. गिरवायला मात्र पाच मिनिटं पुरतात.

चंडीगडमध्ये कला शिकवायला साहित्य कमी आहे, असं म्हणायची सोय तुम्हाला नाही. रस्त्यावरची जुनी ओतीव लोखंडी मॅनहोलची झाकणं पाहा. त्यांच्यावर शहराचा नकाशा उठावात कोरलेला आहे. एक पांढरा कागद वर ठेवायचा आणि पेन्सिलीचा काळा भाग आडवा घासायचा. अख्खं गाव कागदावर उमटतं. याला दहा रुपयांचं साहित्य लागतं. त्यातून पोत समजतो, नकाशा समजतो, ठसा म्हणजे काय ते समजतं आणि आपण कुठल्या चौकोनात राहतो ते समजतं. सेक्टर 10 मधल्या सरकारी संग्रहालयात गांधार शैलीतले बुद्ध आहेत. फाळणीनंतर लाहोरच्या संग्रहालयाची वाटणी झाली, साठ टक्के तिकडं, चाळीस टक्के इकडं. त्या चाळीस टक्क्यांतून हे बुद्ध आले. ज्या मुलाचे पणजोबा लायलपूर किंवा सियालकोट सोडून आले, त्याला त्या मूर्तीसमोर बसवून वस्त्राच्या चुण्या काढायला सांगा आणि ही मूर्ती इथं कशी आली ते सांगा. इतिहासाचे दोन धडे त्यात येतील आणि ते त्याच्या घरातून येतील.

आणि घरातलंच म्हणायचं तर फुलकारी. माझ्या वर्गातल्या अर्ध्या मुलांच्या घरी एखाद्या पेटीत नानीची किंवा दादीची फुलकारी घडी करून ठेवलेली आहे. खद्दरवर रेशमाचा टाका, तोही कापडाच्या उलट्या बाजूनं, आणि छापलेल्या नमुन्याशिवाय. बाई धागे मोजत जायची. इतके सोडायचे, इतके उचलायचे. सुलट बाजूला फुलं, चौकटी, तिरके पट्टे उमटायचे. ज्या बाईला तुमच्या शाळेत अंगठेबहाद्दर म्हटलं गेलं असतं, ती सममिती आणि मोजणी हातानं करत होती. नातीनं ती फुलकारी वर्गात आणली, आलेखाच्या कागदावर तिचे धागे मोजून उतरवले, तर गणिताच्या सरांनी माझा तास मागायला येण्याचं कारण उरेल का? ते माझ्या शेजारी येऊन बसतील. पण त्यासाठी सलग दोन तास लागतात आणि तुम्ही देता शनिवारची पस्तीस मिनिटं.

या बाबतीत धोरणं आणि आदेश तुमच्या बाजूनं नाहीत, हेही लिहून ठेवते. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं कला दहावीपर्यंत सक्तीचा विषय करा असं सांगितलं. 2019 मध्ये सीबीएसईनं आदेश काढला की प्रत्येक वर्गाला आठवड्यात किमान दोन तास कलेसाठी राखून ठेवायचे आणि सगळे विषय कलेशी जोडून शिकवायचे. 2020 च्या शैक्षणिक धोरणानं अभ्यासाचे विषय आणि 'इतर' विषय ही भिंतच नको म्हटलं. त्यानंतर एनसीईआरटीनं तिसरीसाठी 'बांसुरी' आणि सहावीसाठी 'कृति' ही कलेची पाठ्यपुस्तकंही आणली. एवढं सगळं झालं आणि तुमच्या कागदावर काही हललं नाही. तपासणीला दाखवायच्या वेळापत्रकात दोन तास आहेत. भिंतीवर चिकटवलेल्या वेळापत्रकात एक आहे. प्रत्यक्षात एकही नाही.

सरकारनंही तुम्हाला आधार दिला आहे, हे मान्य करते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी, शंभरावर मुलं असतील तर, कलाशिक्षक नेमायचा आहे तो अर्धवेळ निदेशक म्हणून. गणिताचा पूर्ण वेळ आणि कलेचा अर्धा, हे कायद्यातच लिहिलेलं. महाराष्ट्रातले माझे मित्र कला, क्रीडा आणि कार्यानुभवाचे अंशकालीन निदेशक म्हणून तुटपुंज्या मानधनावर काम करतात, एका शाळेतून दुसऱ्या शाळेत धावतात आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांचं मानधनही सुट्टीवर जातं. तरीही चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना त्यांच्याच जिवावर लाखो मुलं बसतात. त्या परीक्षांचं मला कौतुक आहे. माझाही हात स्थिरचित्र आणि स्मरणचित्र काढतच बसला. पण दहावीत ग्रेडचे वाढीव गुण मिळायला लागल्यापासून पालकांची चौकशी बदलली. "मॅडम, ए ग्रेडला किती मार्क?" हा पहिला प्रश्न. मूल काय बघायला शिकलं, हे कुणी विचारत नाही. गुणांसाठी आणलेली कला गुण मिळाले की सुटते. ती कुठं जोडायची, याचं उत्तर इंटरमिजिएटच्या प्रमाणपत्रात नाही.

'आर्ट इंटिग्रेटेड प्रोजेक्ट' नावाचं जे तुम्ही चालवता, त्याबद्दल थोडं. आदेश आला म्हणून तुम्ही तो निभावून नेता. रविवारी संध्याकाळी मुलाला आठवतं, सोमवारी प्रोजेक्ट द्यायचं आहे. बाप सेक्टर 22 च्या बाजारातून चार्ट पेपर, चमकी आणि थर्मोकोल आणतो, आई इंटरनेटवरून वारलीचे नमुने छापून घेते आणि बारा वाजेपर्यंत दोघं मिळून त्रिकोणांना हातपाय काढत बसतात. मूल झोपलेलं असतं. सोमवारी त्याला दहापैकी दहा. पालघरच्या पाड्यावर ते चित्र शेणामातीनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं निघतं, लग्नाचा चौक सुवासिनी काढतात, त्यात देवी असते, आणि जिव्या सोमा मशे नावाच्या माणसानं ते भिंतीवरून कागदावर आणून जगाला दाखवलं, यातलं काहीच त्या मुलापर्यंत पोचत नाही. त्याच्या लेखी वारली म्हणजे चार्ट पेपरची झालर. तुम्ही अशानं दोन गुन्हे केलेत. वारल्यांची कला मुलाच्या हातून फुकट घालवलीत आणि त्याच्या नानीची फुलकारी पेटीतच ठेवलीत.

आता परिणाम सांगते, कारण तुम्हाला परिणाम आकड्यांत लागतात. ल कॉर्बुझिएचा चुलतभाऊ पिएर जानरे इथं 1965 पर्यंत राहिला. घरं, शाळा, महाविद्यालयं आणि कचेऱ्यांसाठी त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सागवानाच्या आणि वेताच्या खुर्च्या, टेबलं, कपाटं आखली. इथल्या सुतारांनी ती बनवली. त्या खुर्च्यांचे तिरके पाय, त्यांची बसण्याची खोली, सगळं विचारपूर्वक. पुढं त्यांचं काय झालं? वेत फाटला म्हणून त्या गच्चीवर टाकल्या गेल्या, पावसात कुजल्या, भंगारात कवडीमोलानं विकल्या गेल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या उचलल्या आणि पॅरिस, लंडन, न्यूयॉर्कच्या लिलावात एकेक लाखो रुपयांना गेली. मॅनहोलची झाकणंसुद्धा गेली. 2011 मध्ये केंद्र सरकारला हा ठेवा विकण्यावर बंदी घालावी लागली. साहेब, त्या खुर्च्यांवर वर्षानुवर्षं बसणारे कारकून, प्राध्यापक, मुख्याध्यापक हे सगळे शिकलेले होते. पहिल्या वर्गात पास झालेले होते. त्यांना एकदाही कुणी शाळेत सांगितलं नव्हतं की बसतोस त्या खुर्चीचं चित्र काढ. काढलं असतं तर पाय तिरका का आहे, हा प्रश्न पडला असता. प्रश्न पडलेला माणूस ती खुर्ची भंगारात देत नाही. तुमचा वाचवलेला तास आम्हाला या भावात पडला.

आणि हे संपलेलं नाही. मार्च 2025 मध्ये उच्च न्यायालयाजवळचा रस्ता रुंद करायला आणि गाड्या लावायला जागा करायला नेकचंदांनी उभारलेल्या रॉक गार्डनच्या भिंतीचा भाग यंत्रानं पाडला. चंडीगडचे लोक तिथं जमले, रडले, घोषणा दिल्या. मीही गेले होते. माझ्या वर्गातली काही मुलं घरच्यांबरोबर आली होती. त्यांतल्या एकानं पाडलेल्या भिंतीतला फुटक्या चिनीमातीचा तुकडा उचलून मला विचारलं, "मॅम, हे सगळं त्यांनी कचऱ्यातून केलं होतं ना?" हे त्याला ठाऊक होतं, कारण आम्ही एकदा तिथं जाऊन बसलो होतो. शाळेच्या वेळेत नव्हे. रविवारी, माझ्या जबाबदारीवर.

तुम्ही आता नेकचंदांचंच उदाहरण माझ्यावर फेकाल, मला माहीत आहे. स्टाफरूममध्ये ते मी ऐकलं आहे: "नेकचंदला कुणी आर्टचा पीरियड दिला होता? प्रतिभा असली की माणूस करतोच." ऐका तर मग. नेकचंद सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्त्यांचे निरीक्षक होते. हे शहर उभं राहताना जी गावं पाडली गेली, त्यांचा भंगार माल, फुटक्या बांगड्या, कपबश्या, न्हाणीघरातल्या फुटक्या चिनीमातीच्या वस्तू त्यांनी गोळा केल्या आणि सुखना तलावाजवळच्या सरकारी जंगलात वर्षानुवर्षं लपूनछपून, बहुतेक रात्रीचं, काम केलं. 1975 च्या सुमारास ते उघडकीस आलं तेव्हा नियमानं ते पाडायचं होतं. लोक उभे राहिले म्हणून ते वाचलं आणि 1976 मध्ये बाग लोकांसाठी उघडली. 1984 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या गोष्टीतून तुम्ही काय घेता? प्रतिभेला शाळा लागत नाही, हे? मी घेते ते असं: जे शहर कलाकाराला दिवसाउजेडी जागा देत नाही, तिथं त्याला आपलं आयुष्य रात्रीच्या जंगलात लपवावं लागतं. एक नेकचंद त्यातून वाचले. ज्यांना तेवढी चिकाटी आणि तेवढं नशीब नव्हतं, त्यांची नावं कुणाच्या वहीत आहेत? शिवाय शाळेतला चित्रकलेचा तास नेकचंद घडवायला नसतोच. पुढं जो न्यायाधीश होईल, अभियंता होईल, नगरपालिकेत रस्त्याचा आराखडा मंजूर करेल, त्याला भिंत पाडताना हात अडखळावा म्हणून तो असतो.

तुमची दुसरी सबब ताजी आहे. आता यंत्र चित्र काढून देतं. मोबाइलमध्ये दोन ओळी टाकल्या की सूर्यास्तही येतो आणि वारलीही येते, मग मुलांनी पेन्सिल कशाला झिजवायची? मुलंही हे विचारतात आणि त्यांना खरं उत्तर द्यायला हवं. मी त्यांना सांगते की वर्गात आपण चित्र मिळवायला बसत नाही. चित्र तर बाजारात पूर्वीही मिळत होतं. आपण तुझ्या डाव्या हाताकडं वीस मिनिटं बघायला बसतो. अंगठा बोटांच्या रांगेत नाही, तो बाजूनं निघतो, हे तुझ्या लक्षात इतकी वर्षं आलं नव्हतं, ते आज आलं. ते यंत्र तुझ्यासाठी बघू शकत नाही. सहावीतल्या पोरीला हे समजतं. दिवसभर हजार तयार चित्रं डोळ्यांपुढून सरकत असताना एका वस्तूवर नजर टिकवता येणं, ही आज मुलाला शिकवण्यासारखी फार मोठी गोष्ट आहे, आणि ती शिकवायला तुमच्या वेळापत्रकात दुसरा विषय नाही.

हे सगळं नवं आहे असंही समजू नका. आपल्याच सेवाग्रामला, वर्ध्याजवळ, नई तालीमच्या शाळेत देवीप्रसाद नावाचे कलाशिक्षक होते. शांतिनिकेतनमध्ये शिकलेले. 1944 पासून 1962 पर्यंत त्यांनी तिथल्या खेड्यातल्या पोरांना चित्रं काढू दिली, मातीकाम शिकवलं, आणि त्या अनुभवावर कला हाच शिक्षणाचा पाया आहे असं सांगणारं पुस्तक लिहिलं. तिथं कापसाचं शेत, चरखा आणि कुंभाराचं चाक होतं, थर्मोकोल नव्हतं. त्याहूनही मागं जायचं तर या चंडीगडच्या सरकारी कला महाविद्यालयाचं मूळ लाहोरच्या मेयो स्कूल ऑफ आर्ट्समध्ये आहे. ते 1875 मध्ये सुरू झालं आणि त्याचे पहिले प्राचार्य जॉन लॉकवुड किपलिंग मुंबईच्या जे. जे. स्कूलमधून तिकडं गेले होते. क्रॉफर्ड मार्केटवरचं दगडी कोरीवकाम त्यांच्याच हातचं. परक्या सरकारचा माणूस होता, पण लाहोरला पोचल्यावर त्यानं पंजाबातल्या सुतारांच्या आणि तांबटांच्या पोरांना त्यांच्याच कसबावर हात बसवायला लावला. त्यांतला सुताराच्या घरातला भाई राम सिंग पुढं इंग्लंडच्या राणीच्या ऑस्बोर्न हाउसमधला दरबार हॉल सजवून आला आणि मग त्याच शाळेचा प्राचार्य झाला. फाळणीनंतर ती परंपरा सिमल्याला आली, 1962 मध्ये चंडीगडला. आज ती सेक्टर 10 मध्ये ल कॉर्बुझिएच्या इमारतीत आहे, आपल्या शाळेपासून रिक्षानं जाण्याच्या अंतरावर. तिथली पोरं आनंदानं आमच्या वर्गात येतील. एकदा तरी बोलावलंत?

तेव्हा आता मागणं सांगते, आणि हे मागणं मुख्याध्यापकांकडं, पालकसभेत आणि जिथं जिथं मला उभं राहू देतील तिथं मांडणार आहे. मार्चच्या शेवटी तुम्ही पुढच्या सत्राचा कागद पसराल. त्यात मंगळवारी, पहिल्या सुट्टीच्या आधी, सहावी ते आठवीच्या प्रत्येक तुकडीला कलेचे दोन सलग तास लिहा. पेननं लिहा, पेन्सिलीनं नको. परीक्षेच्या महिन्यात ते कुणी मागितले तर तुम्ही स्वतः नाही म्हणा, मला भांडायला लावू नका. महिन्यातून एकदा वर्ग शाळेच्या बाहेर नेण्याची परवानगी आधीच लेखी द्या: संग्रहालयात, रॉक गार्डनमध्ये, सुखनाच्या काठावर, शाळेमागच्या मॅनहोलपाशी. गणिताच्या आणि इतिहासाच्या सरांना त्या दिवशी आमच्याबरोबर यायला सांगा. त्यांचे तास वाया जाणार नाहीत याची हमी मी देते. आणि फलक सजवायला, रांगोळी काढायला, 'वेलकम' लिहायला माणूस हवा असेल तर तो वेगळा नेमा.

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी मी नोटीस बोर्डापाशी येईन आणि कागद वाचेन.

चित्रकलेची एक शिक्षिका,
चंडीगड